धुरातला वसराम

नगारा वाजत होता, तांडा गोदामात दाटीवाटीने बसला होता, आणि मेलेला वसराम धुरात उभा होता.

मीही तो पाहिला. डोक्याला फेटा, पांढरी मिशी, ओठांवर अर्धवट हसू. निखाऱ्यावर तूप-गुळाचा भोग पडला होता, वर धुपाच्या पाट्याच्या पाट्या ओतल्या होत्या, आणि त्या लोटांत वसराम हलत होता. त्याने हात वर केला, पंजा आमच्याकडे. बायका रडू लागल्या. दिवस मावळायच्या वेळेला सोयाबीनच्या बंद गोदामात, अमावस्येला, मेलेलं माणूस हात वर करतं म्हटल्यावर कोण रडणार नाही?

"बोटं! बोटं बघा!" त्याची बायको बेबीबाई ओरडली. "त्येच हायेत!"

कडबा कापायच्या यंत्रात वसरामची दोन बोटं गेली होती. धुरातल्या हातालाही ती नव्हती. तेवढ्यात तांड्याचा नायक रूपसिंग म्हणाला, "पण महाराज, वसरामची उजव्या हाताची गेल्ती. ह्यो तर डावा हात हाये."

प्रश्न बरोबर होता. अडाणी लोक काही विचारत नाहीत, असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तांड्याने विचारलं होतं. पण धूपमहाराज म्हणवणाऱ्या त्या लबाडाकडे उत्तर तयार होतं.

"बच्चा, मयताला फेरे कसे घालता? उलटे ना? मंग! तिकडं समदं उलटं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. बराबर की न्हाई?"

"बराबर!" सगळे म्हणाले. माझ्या शेजारची म्हातारी तर म्हणाली, हात सुलटा असता तरच मला शंका आली असती.

मग महाराजांनी डोळे मिटले. "वसराम सांगून राहिला... पुरे करा म्हणतो. नातीला सुया टोचणं पुरे करा. लेकराचं दुःख मी घेतलं म्हणतो."

नात म्हणजे दिपा, मी शिकवते त्या चौथीच्या वर्गातली. तिला साखरेचा आजार होता, अगदी लहानपणापासूनचा. रोज इन्सुलिनची सुई घेतली तरच ते पोरगं जगणार होतं. ती सुई द्यायचा तो वसरामच. बैलांना इंजेक्शनं देऊन त्याचा हात बसलेला. उरलेल्या बोटांत सुई धरून गोष्ट सांगता सांगता टोचायचा, पोरीला कळायचंही नाही. औषधाच्या बाटल्या गार राहाव्यात म्हणून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची युक्तीही त्याचीच. तो गेल्यावर ते काम बापाकडे, प्रेमदासकडे आलं. त्याचा हात थरथरायचा आणि पोरगी रडायची. ते रडणं थांबावं असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. महाराजांनी नेमकं तेच विकायला आणलं होतं.

वसराम विरला तरी महाराजांनी कुणाला उठू दिलं नाही. "नगारा चालू ठेवा! आत्मा परत जाईस्तोवर जो उठंल त्याचं वाटोळं हुईल. आन् धुरामागं कुणी जायाचं न्हाई!"

बाहेर पडल्यावर मी प्रेमदासला गाठलं. "प्रेमदास, सुई बंद केली तर पोरगी मरेल. डॉक्टरांनी तुझ्या देखत सांगितलंय."

"व्हय मॅडम. देतो की." त्याने मान खाली घातली. "पण बापानं सोता येऊन सांगितलं वो."

देतो म्हणाला. दिली नाही.

त्याच आठवड्यात मी नांदेडला गेले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मुलांना चित्रपट दाखवायला प्रोजेक्टर द्यायचं ठरवलं होतं आणि तो निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दुकानावर 'होम थिएटर' अशी पाटी. मालक माणिकराव खुर्ची पुसत म्हणाले, "मॅडम, डोळे झाकून घ्या!"

"डोळे झाकून प्रोजेक्टर कशाला घेऊ? रेडिओ घेईन ना!"

ते हसले. मी मात्र विचारत गेले. दिवा किती टिकतो? गेला तर कुठे मिळतो? आमच्या धुळीत काय होईल? मधेच लाइट गेली तर? आजवर एकाचीही तक्रार नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत होते. मी म्हटलं, तक्रार घेऊन येणाऱ्याला तुम्ही दारात उभं तरी करत असाल का, हे मला कसं कळणार? तेव्हा कुठे ते खरं बोलू लागले.

"लाइटीचं मात्र सांभाळा. आतला दिवा लई तापतो. खेळ संपला की लगेच बटण बंद करायचं नाही, पंखा घरघर करत राहतो, त्याला दिवा थंड करू द्यायचा. एकदम बंद पडलं की दिवा फुटलाच म्हणून समजा. तुमच्याकडं जनरेटर लागेल."

खेळ संपल्यावरची घरघर. दर्शन संपल्यावरचा नगारा. माझ्या मनात काहीतरी हललं, पण धड हाती लागेना.

"जागा कमी असली तर मागूनबी मारता येतं," माणिकराव उत्साहात आले. त्यांनी पातळ पडदा सोडला, यंत्र पलीकडे ठेवलं. पडद्यावर अक्षरं उमटली, सगळी उलटी. "थांबा, मागून मारलं की डावं-उजवं उलटं होतं. आत एक सेटिंग असतं, ते बदलावं लागतं. बरेच जण विसरतात."

मी तशीच उठले. मिळेल त्या एसटीने निघाले आणि उतरले ती थेट प्रेमदासच्या दारात.

दिपा बाजेवर होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, तोंडाला पिकून सडलेल्या फळाचा वास येत होता. "दोन दिस नुसतं पाणी मागून राहिली, आन् ओकून राहिली," बेबीबाई म्हणाली. "महाराज म्हणले, दुःख बाहेर पडून राहिलं." मडक्यातली बाटली भरलेली होती. आम्ही जीप करून निघालो. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हिंगोलीचे दिवे दिसायच्या आत तिचा श्वास थांबला. प्रेमदास तरीही ड्रायव्हरला जोरात घे म्हणत होता, आणि त्याला सांगायचं मला सुचेना.

तेराव्याला महाराज हजर. "पोरगी आज्याकडं गेली. पुढल्या अमावस्येला दोघायचं दर्शन करून देतो." बेबीबाईने त्याचे पाय धरले. माझ्या मनात त्या दिवशी जो राग भरला तो अजून उतरलेला नाही.

मी नायकाकडे गेले. रूपसिंगने उभी हयात बैलांच्या बाजारात घालवलेली. त्याचे वाडवडील बैलांवर माल लादून देश फिरलेले.

"नायक, बैल घेताना काय बघता?"

"दात बघतो. चालवतो. औताला जुपून बघतो."

"आणि मालक म्हणाला, बैल देवाचा आहे, दात बघायचे नाहीत, तर?"

"तर पाठ फिरवतो. त्या बैलात खोट हाये."

"मग धुरामागे जायचं नाही, असं महाराज का म्हणतात?"

रूपसिंगने काठी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, म्या इचारलं व्हतं. उत्तराचे दात बघाया इसरलो."

अमावस्येला पुन्हा धूर, पुन्हा नगारा. धुरात वसराम आला आणि त्याच्या शेजारी, काकाच्या लग्नातल्या परकर-पोलक्यात, दिपा. बेबीबाईच्या तोंडून असा आवाज निघाला की मला कान झाकून घ्यावेसे वाटले. त्याच क्षणी रूपसिंग उठला, निखारे ओलांडून धुरात शिरला आणि समोर हात घालून ओढलं. आढ्याला ताणलेली पांढरी मच्छरदाणी टराटरा फाटून खाली आली. वसराम आणि दिपा त्या चिंधीबरोबर चुरगळले. मागे एका पेटीवर यंत्र होतं, त्याच्या भिंगातून उजेडाचा झोत येत होता आणि शेजारी वसमतचा दिपक शुटिंगवाला बसला होता. साऱ्या भागातली लग्नं त्याच्याच कॅमेऱ्यात होती. त्यातली कोण मेली, याची खबर तो महाराजांना पुरवत होता.

"भूत न्हाई, लग्नाची सीडी हाये!" रूपसिंग गरजला. "नगारा बंद कर रे!"

नगारा थांबला आणि यंत्राच्या पंख्याची घरघर साऱ्या तांड्याला ऐकू आली. मी सगळं सांगितलं: जाळी, धूर, मागून पडणारं चित्र, उलटा झालेला हात. महाराज "माया! माया!" करत दाराकडे सरकले. दारात चार गडी उभे होते.

"दिपक," मी म्हटलं, "वसराम हात वर करतो तिथे तू कापलंस. पंजा कॅमेऱ्याकडे, म्हणजे तो तुला काहीतरी सांगत होता. पुढचं लाव. आवाजासकट. भिंतीवर."

तो रडकुंडीला आला, पण लावलं. समोरून, सुलटं. वसरामच्या धाकट्या मुलाच्या लग्नातली पंगत. पानावर दिपा, हात घासाकडे निघालेला. शेजारी वसराम उभा. त्याने हात वर केला, उजवा, दोन बोटं नसलेला. आणि या वेळी तो बोलला.

"थांब रे शुटिंगवाल्या, मंग काढ. लेकराला आधी सुई देऊ दे. सुईबिगर घास न्हाई तिला."

मग त्याने खिशातून डबी काढली. सुई भरली. पोरीच्या कानात काहीतरी सांगितलं. ती खुदकन हसली आणि तेवढ्यात त्याने टोचलंही.

प्रेमदासने भिंतीवर कपाळ टेकलं, चित्र त्याच्या पाठीवर पडत राहिलं. बेबीबाई एवढंच म्हणाली, "सुईसाठी थांब म्हणला त्यो. सुईसाठी."

पोलीस आले, दोघांना घेऊन गेले. महाराज जामिनावर सुटला आणि दुसऱ्या जिल्ह्यात कुठेतरी बसतो, असं ऐकते. तिथेही धूर असेलच.

शाळेत प्रोजेक्टर आला. पहिल्या खेळाला बेबीबाई आली. बसायच्या आधी यंत्राजवळ गेली, भिंगासमोर हात धरला, पडद्यावरची सावली पाहिली, पडद्याच्या मागे जाऊन आली. मगच बसली. अजूनही प्रत्येक खेळाला ती हेच करते आणि पोरांनाही करायला लावते. तिला कुणी हसत नाही.

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. साधं यंत्र घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, बैल घेताना जबडा उघडतो. लेकराचा जीव कुणाच्या हाती देण्याआधीही तेवढं करा. बघू नको म्हणेल तिथे आधी बघा. पडद्यामागे जाऊन या, हात नंतर जोडा.