त्राटकाची फळी

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला धीर म्हणून नाही. गप्प राहायचं म्हटलं की माझा जीव कासावीस होतो. आणि नशीब बघा कसलं! लोकांना स्थिर बसायला शिकवायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात पडलं. पण क्रमाने सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

त्या वर्षांत सिल्वासाला कारखान्यांची नुसती रीघ लागली होती. गलोंड्याच्या रस्त्यावर धाग्याचा एक कारखाना निघाला आणि त्याचं यंत्र बोटीतून आलं. ते ज्या लाकडी खोक्यात बसून आलं, त्याच्या झाकणाचा मी एक तुकडा. माझ्या पाठीवर अजून एक काळा बाण छापलेला आहे. ही बाजू वर ठेवा, असा त्याचा अर्थ. यंत्र बाहेर निघालं, खोकं फोडलं गेलं आणि माझ्या बाकीच्या बहिणी कॅन्टीनच्या चुलीत गेल्या. मला तेवढं सुधाकरसाहेबांनी उचललं.

हे साहेब नाशिकचे. यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे होती आणि योगाचा त्यांना भारी नाद. त्यांनी मला रंधा मारून घेतला, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि मधोमध रुपयाएवढा काळाभोर ठिपका काढला. मग कॅन्टीनच्या भिंतीवर खिळा ठोकून मला टांगलं, तेही आडवं. अहो, माझी वरची बाजू ही नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

हे १९८८ सालचं. पहिली शिफ्ट सातला सुरू व्हायची, म्हणून साहेबांचा वर्ग सहाला भरायचा. दहा-बारा माणसं सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि पापणी न लववता माझ्या ठिपक्याकडे बघायची. याला त्राटक म्हणतात, मित्रांनो. डोळ्यांतून पाणी आलं की डोळे मिटायचे आणि ठिपका मनात बघायचा. साहेब म्हणायचे, पाणी येऊ द्या, त्याने डोळे स्वच्छ होतात. आणखी एक गोष्ट ते रोज सांगायचे. सराव मुरला की एक दिवस समोरचा ठिपका दिसेनासा होतो, तेव्हा समजा की मन स्थिर झालं.

सगळे माझ्याकडे बघायचे, तेव्हा मीही सगळ्यांकडे बघायची. दुसरं करणार काय? धागा विभागातले दोघं बसल्या बसल्या पेंगायचे. एक जण घड्याळाकडे चोरून बघायचा. मला तर त्यांच्या त्या एकटक बघण्याचा उबगच यायचा. पण मानही खूप मिळाला, खोटं कशाला बोलू? पाहुणे आले की मालक त्यांना आधी माझ्यासमोर आणायचे. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा मलाही झेंडूची माळ आणि ठिपक्याच्या वर हळदकुंकू. मी फार फुगले होते त्या दिवसांत.

१९९१ साली बारकू वर्गात आला. साक्री तालुक्यातला हा माणूस वेल्डिंगच्या शेडमध्ये काम करायचा. त्याची बायको जया पॅकिंगला होती. बारकूचा हात इतका साफ की त्याचा जोड शोधूनही सापडायचा नाही. एकच खोड वाईट. लांब जोड मारताना तो झगझगाटापासून डोळे वाचवणारी काळी काच तोंडापुढे धरायचा, पण लहान लहान टाके मारताना नाही. दोन टाक्यांना कसली काच, असं म्हणायचा. शेडमध्ये सगळेच तसं म्हणायचे. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं की डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या आणि सकाळी कामावर जायचं. जया हे कॅन्टीनमधल्या मंजुळाबाईला सांगायची, म्हणून मला कळलं.

पहिल्या वर्षी बारकूची नजर बरोबर माझ्या ठिपक्यावर पडायची. अगदी मधोमध. मला ती आवडायची. आणि त्याच्या डोळ्यांतून इतरांच्या आधी पाणी यायचं. कोणाला पाच मिनिटं लागायची, कोणाला दहा, बारकू बसला की धारा सुरू. सुधाकरसाहेब खूश. बारकूकडून शिका, असं ते सगळ्यांना सांगायचे. तो लाजायचा आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच येऊन बसायचा. साहेबांनी नाव घेऊन कौतुक करावं, असं त्याच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्याची नजर सरकायला लागली. आधी ठिपक्यापासून चार बोटं डावीकडे. मग माझ्या कडेवर. मग ती मला ओलांडून भिंतीवर जायला लागली. मित्रांनो, ज्याच्याकडे लोक बघतात ना, त्याला बघणाऱ्याची नजर बरोबर कळते. बारकू मला बघत नव्हता. त्याला मी दिसतच नव्हते! आणि हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. शेडमध्ये त्याचा हात सवयीनेच चालत असणार, म्हणून तिथेही कोणाला शंका आली नाही.

माझी काय तगमग झाली म्हणून सांगू! पंखा चालू असला की मी खिळ्यावर खडखड करायची, तर साहेब उठून पंखा बंद करायचे. तशात दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी वर्गातच जाहीर केलं की नव्या शेडच्या छताचं काम बारकूकडे. सोमवारपासून तीस फुटांवर चढायचं, लोखंडी पट्टीवर पाय ठेवून. एवढी स्थिर नजर दुसऱ्या कोणाची आहे, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बारकूने मान खाली घातली आणि हसला. मला वाटलं, आता तडकावं मधोमध, म्हणजे निदान कोणीतरी उठेल. पण फळीला ठरवून तडकता येत नाही.

शनिवार उजाडला. आदल्या संध्याकाळी मंजुळाबाईने दिवाळीसाठी भिंत झाडून पुसून घेतली होती. ही बाई सुरंगीची, कॅन्टीन तिच्याच हातात. तिने मला खाली उतरवून सोड्याने घासलं आणि व्हरांड्यात वाळत ठेवलं, तोंड खिडकीकडे करून. तेव्हा आतलं सगळं मला दिसत होतं.

पावणेसहाला बारकू आला. चप्पल काढली, जागेवर बसला, मांडी घातली आणि समोर बघायला लागला. समोर काय होतं? कोरी भिंत आणि एक खिळा. बारकू त्या भिंतीकडे एकटक बघत राहिला आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

मंजुळाबाई चहाचं पातेलं घेऊन आली आणि त्याला बघून हसायलाच लागली. तिला वाटलं, थट्टा करतोय. तेवढ्यात साहेब दारात आले.

"भाऊ, कोणाला बघतोस?" ती म्हणाली. "फळी तर मी बाहेर वाळत घातलीय."

बारकूने मान वळवली, पण दाराकडे नाही, आवाजाकडे. साहेबांचा चेहरा उतरला. ते पुढे येऊन त्याच्यासमोर बसले, हात वर धरला आणि बोटं किती, असं विचारलं. बारकूने बराच वेळ लावला.

"तीन," तो म्हणाला.

साहेबांची मूठ मिटलेली होती.

"बारकू, ठिपका दिसत नाही, हे कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने," बारकू म्हणाला. आवाजात भीती नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "तुमीच सांगितलं होतं ना साहेब, सराव मुरला की ठिपका जातो. माझा आधी ठिपका गेला, मग फळी गेली. आता भिंतबी जायला लागली."

मला ऐकवेना. कोणीतरी जयाला बोलावून आणलं. ती धापा टाकत आली आणि नवऱ्याचे गाल पदराने पुसायला लागली. डोळे दाखव म्हणून ती वर्षभर मागे लागली होती, आणि हा म्हणायचा की साहेब शाबासकी देतात आणि तू रडतेस. मग ती साहेबांकडे वळली.

"साहेब, रोज सकाळी इतकी माणसं डोळे ताणून बसत होती," ती म्हणाली. "ह्याच्या डोळ्यात एकानेबी बघितलं नाही?"

त्याच दिवशी साहेब स्वतः बारकूला वापीला डॉक्टरकडे घेऊन गेले. उजव्या डोळ्याला उशीर झाला होता. डावा बराच वाचला, जाड चष्म्यावर. बारकू छतावर चढला नाही, हे मी आजही मनाशी म्हणते, तेव्हा कुठे जरा बरं वाटतं.

वर्ग बंद झाला. सुधाकरसाहेबांना माझ्याकडे बघवेना, त्यांनी मला स्टोअरमध्ये टाकायला सांगितलं. तिथे मी दोन वर्षं धूळ खात पडले. ना माळ, ना पाहुणे. साहेबांचा मला राग नाही. त्राटक काही वाईट नाही, मन लावून करणाऱ्यांचं भलं झालेलं मी बघितलंय. फक्त ज्याला शिकवतोय त्याला काय होतंय, हे विचारायचं राहून गेलं, आणि शाबासकी देऊन ते मोकळे झाले.

पुढे स्टोअरचं काम बारकूकडेच आलं. मला पुसून त्याने खिडकीपाशी आडवं टाकलं. आता वेल्डिंगच्या काळ्या काचा माझ्यावर मांडलेल्या असतात. परवा एक नवा वेल्डर आला, वेल्डिंगच्या नुसत्या कांड्या मागायला. काच नको म्हणाला, दोनच टाके आहेत. बारकूने त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं आणि नाकाला नाक लागेल इतक्या जवळून त्याच्या डोळ्यांत बघत राहिला. पापणी लवली नाही. तो गडी आधी हसला, मग माझ्यावरची एक काच उचलून चालता झाला.

मित्रांनो, माझ्याकडे लोकांनी वर्षानुवर्षं बघितलं, पण असं बघणं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तुमच्या शेजारी कोणी डोळे चोळत असेल, कोणाच्या डोळ्यांत सारखं पाणी येत असेल, तर लगेच वाहवा करू नका, हसूही नका. जवळ जा आणि बघा. बारकूला एका डोळ्याने जमतं, तुम्हाला तर दोन आहेत.