सुरभीच्या सुटीवर सगळ्यांचा डोळा

मी सदाशिवरावांच्या घरचा पत्र्याचा कूलर बोलतोय. चिडून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. ज्या खोलीकडे माझं तोंड आहे, तिथं या उन्हाळ्यात विश्रांतीची जी थट्टा झाली, ती मी डोळ्यांदेखत पाहिली.

माझा जन्म दिग्रसच्या मोहिउद्दीन मिस्त्रींच्या दुकानात झाला. मला हातगाडीवर चढवताना त्यांनी सदाशिवरावांना बजावलं होतं, "दादा, सीझन संपला का याचं सगळं पाणी काढा, वाळू द्या अन् झाकून ठेवा. थोडंकही पाणी राहू देसान तं बुडातून सडते." ते आजवर पाळलं गेलं. पावसाळा लागला की मला पुसतात, मोटारीला तेल देतात, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवतात. मग उन्हाळ्यापर्यंत मला कोणी हात लावत नाही. पत्र्याच्या पेटीला या घरात एवढा मान. सुनेला मात्र नाही.

सून सुरभी शाळेत विज्ञान शिकवते आणि हौसेनं लांब पल्ल्याचं धावते. हिवाळाभर ती पहाटेच्या अंधारात बूट चढवून निघायची. फेब्रुवारीत पूर्ण मॅरेथॉन पळून आली ती नडगी धरूनच. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं. हाडाला बारीक चीर पडू लागली होती. या उन्हाळ्यात पाय पूर्ण विसावला तर ती पुन्हा धावेल, नाहीतर धावणं कायमचं सोडावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ही हौशी धावणारी मंडळी अजब असतात. वर्षभर घाम गाळतील, पण विसावा म्हटला की त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. सुरभीच्या गटातला फैज, कापड दुकानवाला, भेटायला आला तो स्वतःच लंगडत. त्यांच्या गटाला धावणं शिकवणाऱ्या गुरुजींनी त्यालाही महिनाभर थांबायला सांगितलं होतं. "मी कुठी धावून राह्यलो, ताई? फक्त सायकल चालवतो," म्हणाला. तो गेल्यावर सुरभी फोन काढून इतरांच्या धावण्याच्या नोंदी बघत बसली. पोट सुटलं का म्हणून आरशासमोर चिमटा घेऊन पाहिला. मी वारा फेकत होतो, पण तिला एका जागी बसवेना.

अशा माणसाला घरानं धरून बसवायला हवं होतं. घरानं काय केलं? शाळेला सुटी, धावणं बंद, म्हणजे सून रिकामी, असा हिशेब लावला. सासूबाई लीलाबाईंनी गहू भिजत घातला. "तशीही घरीच आहेस ना, माय," म्हणत कुरडयांचा चीक घोटायला तिला चुलीपाशी उभं केलं. मग भरली ताटं घेऊन गच्चीचे जिने. मग पापड, मग सांडगे. नवरा गोपाल इस्त्रीचे कपडे आणून ठेवायचा. सासरे सदाशिवरावांचे पाहुणे तर नेमके जेवणाच्या वेळी यायचे. आणि सुरभी कशालाच नाही म्हणेना. पाय धावण्यानंच बिघडतो, घरकामानं नाही, असं विज्ञान शिकवणाऱ्या या बाईनंही धरून चालावं, याचा मला जास्त राग आला.

मे महिन्यात ती पुन्हा यवतमाळला जाऊन आली आणि माझ्यासमोर येऊन बसली. चीर भरली नव्हती, उलट थोडी वाढली होती. डॉक्टर तिच्यावर चांगलेच रागावले होते.

लीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "तू तं धावूनच नाही राह्यली. मंग काहून वाढलं?"

सुरभी पाणी प्यायली, तिनं तांब्या खाली ठेवला. "आई, धावत होती तेव्हाच मले आराम होता. पहाटचे दोन घंटे मले कोणी आवाज देत नव्हतं."

लीलाबाई बाजेच्या कडेला बसून स्वतःचेच गुडघे दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले तं अजून कोणी म्हटलं नाही, जराशी पड म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला गहू चक्कीवर पाठवून दिला. कुरडया विकत मिळतात, असं गोपालला सुनावलं आणि इस्त्री त्याच्याच हातात दिली. पाहुण्यांना पावसाळ्यात या म्हणून कळवलं. मग बाज ओढत माझ्या पुढ्यात आणली, सुरभीला तीवर निजवलं आणि नडगीखाली उशी सरकवली. ती पडली तरी छताकडे टक लावून होती. "डोये मीट," लीलाबाई म्हणाल्या, "मी आहे इथं." आणि शेजारी सतरंजी टाकून त्या स्वतःही आडव्या झाल्या. भरदुपारी त्या बाईला आडवं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

जून लागलाय. परवाच्या तपासणीत चीर भरू लागल्याचं कळलं आणि माझ्या मोटारीचाही जीव भांड्यात पडला. घाई केली नाही तर हिवाळ्यात ती हळूहळू धावू लागेल.

ज्यांच्या घरी असं धावणारं माणूस आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. त्याला थांबायला सांगितलं असेल तर त्याच्या हाती दुसरं काम देऊ नका, आणि ते स्वतःहून उठलं तर पुन्हा निजवा.

आत्ताच सदाशिवराव दारात येऊन गेले. "अवं, चहा," म्हणाले. दोघीही गाढ झोपल्या आहेत. मी खडखडत होतो तसाच खडखडत राहिलो. त्यांनी पुन्हा हाक मारली, तीही माझ्या आवाजात बुडाली. थोडा वेळ थांबले, मग स्वयंपाकघरात जाऊन साखरेसाठी डबे उघडून बघू लागले. सापडेल त्यांना.