फोन पोटात घेऊन बसलेला डबा

मित्रांनो, हसू नका. मी एक जुना, गोल, पत्र्याचा डबा आहे आणि सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्यात बिस्किटं होती. ती संपल्यावर चिऊच्या आईने सुई-दोरे आणि बटणं भरली. काय सुखाचे दिवस होते! शाळेतून आलेली चिऊ बटणं जमिनीवर ओतायची, रंग जुळवायची आणि अखंड बडबडायची. "डबेराव, तोंड उघडा!" असं मलाच दटावायची.

चिऊ आठवीत गेली, हातात फोन आला आणि हळूहळू तिचं बोलणं आटलं. आई वैतागली. बटणं पिशवीत गेली आणि मी फ्रिजवर! "घरात आलं की फोन डब्यात. सगळ्यांचे!" माझीच निवड का, तर माझं झाकण असं खणखणतं की चोरून काही काढायची सोय नाही.

आणि सापडायचं कोण? बाबा! "अगं, ऑफिसचा मेसेज बघत होतो." त्यांच्या मागोमाग आई. "मी नुसती वेळ बघत होते." अहो, घड्याळ समोर भिंतीवर! पत्र्याने तरी किती सोसायचं?

चिऊने मात्र झाकणाला कधी हात लावला नाही. "बघा, सुटला की नाही नाद!" आई खूश. पण चिऊने ताटालाही हात लावणं सोडलं होतं, त्याचं काय? दोरीच्या उड्या बंद, मैत्रिणीकडे जाणं बंद. सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला फ्रिजवरून दिसत होतं, या दोघांना शेजारी बसून दिसू नये?

इकडे तिचा फोन माझ्या पोटात सारखा गुरगुरायचा. वर्गातल्या कुणीतरी तिच्या फोटोला गाढवाचे कान चिकटवले होते आणि खाली खिदळणाऱ्यांची रांग लागली होती.

एका संध्याकाळी तो इतका गुरगुरला, की मी सरकत सरकत कडेला आलो आणि धाडकन खाली आदळलो. झाकण एकीकडे, फोन भलतीकडे. चिऊने दोन्ही कान गच्च दाबून घेतले.

"अगं, डबा पडला नुसता," आई म्हणाली.

"तो फोन बंद कर ना, आई. डब्यात असला तरी मला ऐकू येतो."

आईने फोन उचलला, पाहिला आणि चिऊशेजारी येऊन बसली. "हे कधीपासून? सांगितलं का नाहीस गं?"

"तू फोन कुठे आहे एवढंच विचारतेस."

 आईने चिऊला कुशीत ओढलं. दारातले बाबा म्हणाले, "उद्या मी रजा टाकतो. आधी शाळेत बाईंना भेटू, मग डॉक्टरांकडे जाऊ. तिघंही."

चिऊला बरं वाटायला वेळ लागतोय. डॉक्टरीणबाईंशी कधी बोलते, कधी नुसतीच बसते. आदळल्यापासून माझं झाकण वाकडं झालंय, बसतच नाही. काल चिऊने बटणांची पिशवी आणून माझ्यात ओतली आणि पुटपुटली, "डबेराव, तोंड मिटू नका हं."

ऐकलंत ना, मित्रांनो? मन जड झालं तर तुम्हीही मिटू नका, घरात कुणाला तरी सांगा. आणि मोठ्या माणसांनो, फोन खुशाल काढून घ्या. पण आधी लेकराच्या तोंडाकडे बघा. दर वेळी मीच फ्रिजवरून उडी मारायची का?