योग्य उमेदवार आढळला नाही

मुलुंडच्या त्या कॉलेजात संघमित्रा रसायनशास्त्र शिकवायला लागली तेव्हा तिची मुलगी बालवाडीत होती. मुलगी दहावीला आली तरी संघमित्रा तासिका तत्त्वावरच. शिकवलं तर पगार, मे महिन्यात ठणठणाट. मधल्या काळात तिने प्राध्यापकपदासाठी लागणारी सेट परीक्षा काढली, पीएचडी केली. "जागा निघू दे, ती तुझीच," असं विभागप्रमुख इरावती मॅडम दरवर्षी म्हणायच्या, आणि तिच्या डब्यातलं भरीत हक्काने वाढून घ्यायच्या.

शेवटी दोन जागा निघाल्या. एक खुली, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. संघमित्राने राखीव जागेसाठी अर्ज केला.

मुलाखतीच्या टेबलापलीकडे इरावती मॅडमही बसल्या होत्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तिच्या संशोधनाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. वडील काय करायचे, एवढंच विचारलं.

"महापालिकेत. सफाई खात्यात."

"वा! तिथून इथवर. कौतुक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फाईल मिटली.

खुल्या जागेवर अनिरुद्ध लागला. संघमित्राच्याच हाताखाली प्रॅक्टिकल्स करून गेलेला, हुशार, नम्र मुलगा. निकालाच्या कागदावर राखीव जागेपुढे लिहिलं होतं : योग्य उमेदवार आढळला नाही.

दुसऱ्या दिवशी इरावती मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"वाईट वाटलं गं मला. पण सोमवारपासून तिसऱ्या वर्षाचे तास तूच घे. थर्मोडायनॅमिक्स तुझ्यासारखं कोण शिकवणार? आणि अनिरुद्ध नवीन आहे, त्यालाही जरा सांभाळून घे."

"मॅडम, त्या कागदावर तुमची सही आहे?"

"अगं, सगळ्यांनीच केली. मी एकटी काय करणार होते?"

"म्हणजे मी अयोग्य, असं तुम्ही लिहून दिलंत."

"असं वैयक्तिक घेऊ नकोस ना."

"मग तुमच्या पोरांना अयोग्य बाईकडे कशाला सोपवता?"

 संघमित्राने प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाली.  जिना उतरताना तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं काय, हा विचार मनात आला आणि त्या विचाराचाच तिला संताप आला. त्यांचं सगळं तिनेच का बघायचं?

घरी नवरा माणिक म्हणाला, "सोडू नकोस. तक्रार कर." तिने विद्यापीठाकडे केली. मग सुनावण्या, पुढच्या तारखा, पुन्हा अर्ज. तोवर घाटकोपरला एका क्लासमध्ये ती बारावीच्या मुलांना शिकवू लागली. वर्ष उलटून गेल्यावर निकाल आला : जागेची जाहिरात पुन्हा काढा.

माणिकने पेढे आणले. संघमित्राने एकही खाल्ला नाही, पण मुलाखतीला गेली. तेच टेबल, इरावती मॅडम त्याच खुर्चीत. या वेळचे तज्ज्ञ वेगळे होते आणि त्यांनी विषयातलं विचारलं, अगदी खोलात शिरून. ती उत्तरं देत गेली. एका क्षणी आपण वर्गात आहोत असंच तिला वाटलं, आणि मनाविरुद्ध थोडी आशाही वाटली.

तेवढ्यात इरावती मॅडमनी घसा साफ केला. "एक विचारायचं होतं. गेलं वर्षभर तुम्ही पदवीच्या वर्गांना शिकवलेलं नाही. अनुभवात खंड पडलाय, बरोबर?"

तुम्ही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बरोबर," संघमित्रा म्हणाली. काय बोलणार? खंड पडला होताच.

तज्ज्ञांनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. निकाल काय लागणार हे तिला तिथेच कळलं. आठवड्याने तो तसाच लागला : योग्य उमेदवार आढळला नाही.

मुलाखतीच्या त्या दिवशी ती बाहेर पडली तेव्हा व्हरांड्यात अनिरुद्ध उभा होता. "मॅडम, या वेळी झालं ना? तिसऱ्या वर्षाचं थर्मोडायनॅमिक्स अजून सुरूच झालं नाहीये. कोणी माणूसच नाही."

त्याच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती.  त्याला बाजूला सरायला सांगून ती गेटकडे चालू लागली. घाटकोपरचा क्लास पाचला होता.