सुरी कुणाच्या हातात होती

खराडे सरांच्या दवाखान्यात पोरं एकच काम शिकायला यायची. माणसाच्या बसायच्या जागेची दुखणी. मूळव्याध, भगंदर, चिरा, सगळं. ज्या कामाला मोठमोठे सर्जन नाकं मुरडतात, ते काम खराडे सर कोल्हापुरात छाती पुढं काढून करायचे. नवा सर्जन आला की पहिल्याच दिवशी त्याची हजामत. "लाजतोस व्हय रं? मग जा की, डोळ्यांचा डॉक्टर हो! पेशंट आधीच लाजंनं अर्धा मेलेला असतोय, तू लाजलास तर उरलेला अर्धा तू मारणार." काय बोलणं! ऐकणाऱ्याला वाटावं, मास्तर असावा तर असा.

विद्याश्रीलाही तसंच वाटलं होतं. गडहिंग्लजच्या भुसार व्यापाऱ्याची ही लेक. एम. एस. झाली आणि हट्टानं हेच काम शिकायला आली. तिच्या चिकव्वाचं, म्हणजे धाकट्या मावशीचं, रक्त जाऊन जाऊन अंथरुणाला खिळणं तिनं बघितलं होतं. गड्या डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बाई तशीच झिजत गेली. तिकडं अशा बायका घरोघर. त्यांच्यासाठी गावात दवाखाना काढायचा, एवढंच विद्याश्रीच्या डोक्यात. पण स्वतःच्या हातानं ऑपरेशनं केल्याशिवाय दवाखाना कसला काढता?

आणि सर तर सुरी हातात द्यायचं नाव घेत नव्हते. बायका तपास, चिमटा धर, पट्ट्या बदल. सुरी जोतीरामच्या हातात. जोतीराम तिच्या मागनं आलेला, साखर कारखान्याच्या संचालकाचा पोरगा, जिभेवर खडीसाखर. "गडी माणूस तुझ्यापुढं नाडी सोडणार हाय का?" सर विचारायचे. मग बायकांची ऑपरेशनं तरी द्या, असं ती म्हणाली, तर म्हणे, "त्या माझ्या नावावर येत्यात." आता यावर माणसानं डोकं कुठं आपटायचं!

एक दिवस सर लग्नाला गेलेले आणि मीरासाब आला. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत भट्टीवर काम करणारा, दाढी पिकायला लागलेला माणूस. भगंदर दोन दवाखान्यांत कापून घेतलेलं, तरी पुन्हा फुटलेलं. त्यानं विद्याश्रीकडं बघितलं, मग भिंतीकडं.

"सर न्हाईत व्हय?"

"न्हाईत चाचा. मी हाय."

"मग तुम्हीच बघा. दुखण्याला काय कळतंय बाई का बाप्या!"

तिनं बोट घालून तपासलं. "आवळा चाचा. जोरात. आता सोडा." सरांचीच शिकवण ही, आणि खरी शिकवण. तिथं स्नायूचं एक कडं असतं, त्याच्या जोरावर माणूस शौच धरून ठेवतो. भगंदराची वाट त्या कड्याच्या खालनं जाते की वरनं, हे पेशंट जागा असतानाच बघायचं. पाठीत इंजेक्शन दिलं की कडं ढिलं पडतं आणि बोटाला खाक कळत नाही. मीरासाबची वाट वरनं जात होती. कापली तर कडंच तुटणार. इथं दोराच घालायचा आणि दमादमानं आवळत न्यायचा, महिने लागले तरी.

तिनं हे सगळं त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मी पाच वक्ताचा नमाजी माणूस. डाग लागला की पाकी जाती, सारखं धुवायला पळायचं. तुम्हीच करा. एवढं नीट कुणी सांगितलंच न्हाय मला."

सर परतल्यावर हसून म्हणाले, "पेशंटच म्हणतोय म्हटल्यावर मी कोण? कर की." विद्याश्रीनं एसटीडी बूथवरनं घरी फोन लावला. "हौदा? खरंच?" असं आप्पा इतक्या मोठ्यानं ओरडले की बूथवाल्यालाही ऐकू गेलं.

ऑपरेशनच्या दिवशी सांगली-बेळगावकडचे डॉक्टर काम बघायला आले होते. मीरासाब टेबलावर. "मी हाय चाचा," विद्याश्री म्हणाली आणि त्यानं मान हलवली. पाठीत इंजेक्शन झालं, झोपेचंही झालं, त्याचा डोळा लागला. तेवढ्यात सरांनी तिला हात धुवायच्या नळापाशी ओढलं.

"आज जोतीराम करंल."

"सर?"

"पावणं आल्यात. बाईमाणसानं गड्याचं तिथं कापायचं, चारचौघांत बरं दिसत न्हाय ग. फुडचं तुला."

दुसऱ्यांना लाजू नका म्हणून ओरडणारा हा माणूस! विद्याश्रीचं अंग नुसतं पेटलं. पण भांडायला वेळ कुठं होता? "सर, वाट कड्याच्या वरनं जातीय. दोराच घालायला लावा त्याला."

"त्यालाच सांग."

तिनं सांगितलं. जोतीरामनं पेशंटला जागेपणी हातही लावलेला नव्हता. आता त्या ढिल्या पडलेल्या कड्यात बोट घालून म्हणाला, "वर कुठं? सरळ तर हाय." दोरा घालण्यात बघणाऱ्यांना काय मजा? त्याला एका घावात वाट उघडून दाखवायची होती.

"सर!" विद्याश्री ओरडली.

"गप ग. शिकू दे त्याला," सर म्हणाले आणि पाहुण्यांना गोष्ट सांगायला लागले. सुरी फिरली. पाहुण्यांनी वा वा केलं.

जखम सुरेख भरली. पण मीरासाबला काही धरवेना. वारा धरवेना, पातळ झालं तर तेही धरवेना. मशिदीत जायचं सुटलं, भट्टीवर सोबतचे लांब सरकायला लागले. शेवटी बायको सुगरा त्याला घेऊन दवाखान्यात आली. केबिनमध्ये सर, जोतीराम आणि विद्याश्री, तिघंही होते. मीरासाबनं बाकी कुणाकडं बघितलंच नाही.

"बाई, तुमच्या हातात दिलं होतं मी."

विद्याश्रीनं सरांकडं बघितलं. सरांनी चष्मा पुसला. "होतं कधी कधी, मीरासाब. नवा हात असतोय."

कुणाचा हात? तेवढं काही सरांच्या तोंडातनं निघालं नाही. जोतीरामच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन तोंडावर आलेलं, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"मी न्हाई कापलं चाचा," विद्याश्री म्हणाली. "यानं कापलं. मी नको म्हणून ओरडत होते. सर, सांगा की!"

"पेशंटसमोर वाद नको, विद्याश्री."

"तुमचंच तोंड बघून झोपलो मी," मीरासाब म्हणाला. त्याला रागसुद्धा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सुगराला होता. "कापायची हौस तुमची, आन बिघडलं की दुसऱ्याचं नाव व्हय? एका बाईला हे शोभतंय?" मीरासाबला थांबवेना, तो घाईनं उठून संडासाकडं गेला. सुगरा मागनं निघाली आणि दारातच थबकली. बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. तपासायला बाई डॉक्टर आहे असं ऐकून कुठनं कुठनं एसटीनं आलेल्या, पदरानं तोंड झाकलेल्या.

"त्या बाईच्या हातात जाऊ नका ग," सुगरा म्हणाली. "माझ्या माणसाचं वाटोळं केलं तिनं."

विद्याश्री दाराशी आली. बाकावरच्या कुणी तिच्याकडं बघेना. एक तरुण पोरगी पिशवी उचलून जिन्याकडं चालू लागली. नेसरीकडची एक म्हातारी मात्र उठून पुढं आली आणि विद्याश्रीच्या खांद्यावरनं आत डोकावत म्हणाली, "बये, मला सरांनीच बघू देत."