बोटभर उंची

शिवणकाम करणाऱ्या काकूंचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले, तेव्हा थोरल्या जावेनं स्वतःचा अनुभव सांगितला. "दुखतं. डॉक्टर म्हणतात त्याहून जास्त आणि शेजारीण म्हणते त्याहून कमी. दुसऱ्याच दिवशी उभं करतील, तेव्हा मुकाट्यानं उभी राहा."

तसंच झालं. वॉकर धरून उभं राहताना काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना त्यांनी मनातल्या मनात लाखोली वाहिली, पण गुडघे रोज थोडेथोडे वाकवत राहिल्या. हळूहळू सूज उतरली आणि वॉकर जाऊन काठी आली.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. घरी आरशासमोर उभ्या राहिल्या, तर गाउन घोट्याच्या वर. धुऊन आटला असेल, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात नवरा शेजारी येऊन उभा राहिला आणि आरशात बघतच राहिला.

"अगं, तू माझ्यापेक्षा बोटभर उंच झालीस की."

वर्षानुवर्षं बाहेरच्या बाजूला वाकलेले पाय सरळ झाले होते.

"मग आता माझ्याशी वर बघून बोलायचं," काकू म्हणाल्या, आणि हसत हसत मशीनपाशी बसून गाउनची दुमड उसवायला लागल्या.