जर्मनीत शेकलेली खंजेरी

मी खंजेरी बोलतेय. नागपुरात हुडकेश्वरला राहणाऱ्या देवरावांची. सध्या बैठकीतल्या खिळ्याला टांगलेली आहे, आणि खरं सांगायचं तर लाजेनं भिंतीकडे तोंड करून आहे.

वाद्यं बनवणाऱ्या नत्थूजींनी मला घडवलं. सागवानी कडं, त्यात पितळी चकत्या, वर बकरीचं ताणलेलं कातडं. हे कातडं भारी नखरेल. हवा गार झाली की ते सैल पडतं आणि मी भिजल्या पापडासारखी भद्द वाजते. मग कागद पेटवायचा, आचेवर मला शेकायचं, टिचकी मारून बघायचं. आमच्या भजन मंडळात यात कुणाला काही नवल वाटत नाही.

देवराव तसे मुखदुर्बळ. एसटीत कंडक्टर होते, तरी प्रवाशाला पुढे सरका म्हणायला संकोचायचे. पण गुरुवारच्या भजनात मी हातात आले की त्यांचा आवाज असा खुलायचा, की त्यांच्या पत्नी शोभाताई चहा घेऊन दारातच थबकायच्या. मुलगा रजत तर लहानपणी माझ्या ठेक्याशिवाय झोपत नसे.

हाच रजत पुढे जर्मनीत नोकरीला लागला. गेल्या हिवाळ्यात त्यानं आईबाबांना तिकडे नेलं. मीही गेले, बॅगेत स्वेटरांच्या मध्ये. तिथे सगळं छान होतं, फक्त आवाज नव्हता. ना भाजीवाल्याची हाक, ना शेजारच्या कुकरची शिट्टी. देवराव दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. एका रविवारी रजतच म्हणाला, "बाबा, एक भजन म्हणा ना. मले इथं ट्राममधी बसलो का तेच आठवते."

देवरावांचा चेहरा काय फुलला! त्यांनी मला बाहेर काढून टिचकी मारली. भद्द.

"थंडीनं कातडं बसलं गा. थांब, शेकून आणतो."

तिथली शेगडी विजेची, तिला ज्योतच नव्हती. देवरावांनी स्वयंपाकघरात एका ताटलीत जाहिरातींचे कागद ठेवले आणि देवापुढच्या काडेपेटीतली काडी ओढली. मी मजेत तापत होते. तेवढ्यात छताला लावलेलं, धूर ओळखणारं यंत्र किंचाळायला लागलं. मग वरच्या मजल्यावरचं, मग खालचं. अख्खी इमारत बाहेर बर्फात येऊन उभी राहिली. कुणी ओल्या केसांनी, कुणी तान्हं बाळ छातीशी धरून. आगीचा बंबही आला. आणि मधोमध देवराव, हातात मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रजत एकेकाची माफी मागत होता. त्याच्याच ऑफिसात काम करणाऱ्या एका शेजाऱ्यानं विचारलं, हे कोण? रजत म्हणाला, "अंकल. गावाकडचे."

इंग्रजीत म्हणाला, पण एवढं इंग्रजी कंडक्टरला कळतं. शोभाताईंनी मान खाली घातली. देवरावांनी मला चोरीच्या मालासारखं स्वेटरच्या आत सरकवलं. मी तेव्हा चांगली तापलेली होते, बोट लागलं असतं तर खणखणीत वाजले असते. तेच जास्त लागलं.

भजन झालंच नाही. परत आल्यावर मंडळात देवरावांनी सांगून टाकलं, "खंजेरी बिघडली गा."  लेकाची लाज झाकायला त्यांना काहीतरी हवं होतं, आणि मी हाताशी होते. तेव्हापासून ते मंडळात गेले नाहीत. आता मे महिना आहे, नागपूरचं ऊन घरात येऊन मला आपोआप शेकतंय, पण विचारतो कोण?

थांबा, रजतचा फोन आलाय. शोभाताईंनी स्पीकर लावला.

"बाबा, त्या दिवशी मी..."

"जेवला का गा?"

"बाबा, बोलू द्या ना मले."

"तिकडची थंडी गेली का?"

 पलीकडे माणसांची कुजबुज, ट्रामची घंटा. आणि आता रजत चक्क गायला लागलाय! आमचंच भजन, भर ट्राममध्ये, परक्या माणसांसमोर, मोठ्यानं. सूर बरा आहे, पण ठेक्याचा पत्ता नाही. शोभाताईंनी पदर तोंडाला लावलाय.

देवरावांना बेताल मुळीच सहन होत नाही.

"काहून पळून राहिला गा? दम धर जरा." ते उठलेच. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. पहिली थाप चुकली. दुसरी बरोबर बसली. तिकडे रजतचा आवाज फुटला, शब्द ओले झाले.

"रडू नको गा," देवराव म्हणतायत, "ठेका सुटते."

त्यांचे स्वतःचे डोळे कुठे कोरडे आहेत! माझी लाज अजून गेलेली नाही. पण आता मला रजा द्या, वाजताना मला बोलता येत नाही.